दुसऱ्या भागाचा आवाज

"मारामारी एक नंबर, पण मध्यंतरानंतर झोप लागली," एक काका चित्रपटगृहाबाहेर माइक धरून उभ्या असलेल्या मुलीला सांगत होते. मी खांबाआड उभा राहून प्रत्येकाचं मत ऐकत होतो. या परदेशी चित्रपटाचा पहिला भाग आधी आला होता, तेव्हा त्यातल्या उडणाऱ्या नायकाला मराठी आवाज मी दिला होता. दुसऱ्या भागासाठी निर्मात्यांनी दुसरा कलावंत घेतला. हे मी घरी सांगितलं नव्हतं.

"हिरोचा आवाज बदललाय का गं?" काकांनी काकूंना विचारलं. कुणाच्या तरी लक्षात आलं होतं.

"उडून उडून घसा बसला असेल," काकू म्हणाल्या आणि रिक्षा शोधू लागल्या.

इतक्यात आई बाहेर आली. तिनं मला खांबाआडून ओढत माइकसमोर नेलं. "हिरोचा मराठी आवाज माझ्या मुलाचा आहे. पहिल्या वेळी जरा अडखळला होता, पण या वेळी काय खणखणीत बोललाय! म्हण रे शेवटचं वाक्य."

आईचा चेहरा उजळला होता. मी चपलांकडे बघत ते वाक्य त्या दुसऱ्या कलावंताच्या ढंगात म्हटलं.

"हाच तो आवाज!" आई म्हणाली.