वार बसायच्या आधी

आखाती देशातल्या अर्दिया भागात, गोदामांमागच्या वाळूत दर शुक्रवारी गुरुप्रसाद आणि त्याचे कंपनीतले सोबती हजार वर्षांपूर्वीचे व्हायकिंग होऊन लुटुपुटुची लढाई खेळत. वार लागला की पडायचं आणि शिंग वाजेपर्यंत निपचित राहायचं, ही रीत. आलोक मात्र पडल्यापडल्या हसायचा. मागच्या खेपेला गुरुप्रसादनं त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं, "मेलास ना? मग मेल्यासारखा पड की लेका!" आज लोखंडी कड्यांची चिलखतं तव्यासारखी तापली होती. गुरुप्रसादनं बोथट कुऱ्हाड उगारली आणि वार बसायच्या आधीच आलोक झाड उन्मळावं तसा उताणा कोसळला. "लबाडा, मारू तरी दे!" सगळे हसले. मोबाईल सरसावत मुक्ता म्हणाली, "आज शिकला बाई माझा नवरा!" आलोकच्या उघड्या डोळ्यावर माशी बसली, तरी पापणी लवली नाही. "वा रे पठ्ठ्या!" म्हणत गुरुप्रसाद त्याला ओलांडून पुढं धावला.