आठ नंबरची चप्पल

"अम्मा, पाँव तो डालो. ऐसा कैसा समझेंगा?" पैठण गेटच्या चपलेच्या दुकानातले सलीमभाई तिसऱ्यांदा म्हणाले.

द्वारकाबाईंनी पाय आणखी आत ओढून घेतले. "नाय, नाय. पायात नाय घालायची. नुसती शेजारी धरून बघा."

सलीमभाईंनी मंजुषाकडं पाहिलं. तिला सांगावंच लागलं. "मला मेडिकल लागेपर्यंत आई चप्पल घालणार नाही, भाई. देवीला बोलून बसलीय. आज रिझल्ट आहे."

"अल्ला! कबसे?"

"दोन वर्षं झाली."

सलीमभाईंनी पंखा द्वारकाबाईंकडं वळवला.

खरं तर निकालाआधी चप्पल घ्यायची हा मूर्खपणाच. पण पाचोडहून कडूबाचा सकाळपासून फोनवर फोन. बाप बिचारा लेकीपेक्षा उतावळा. त्याचं म्हणणं एकच, आज आठवडी बाजार, सगळं गाव स्टँडवर असतंय. एसटीतून उतरताना द्वारकेच्या पायात चप्पल दिसली की झालं, तोंडानं कुणाला सांगायचं कामच नाय. म्हणून मायलेकी मंजुषाच्या क्लाससाठी शहरात घेतलेली पडेगावची खोली बंद करून, पिशवी भरून निघाल्या होत्या. चप्पल पिशवीत ठेवायची, निकाल लागला की पायात.

सलीमभाईंनी सहा नंबरची चप्पल पायाशेजारी धरली. टाच बाहेर राहिली. सात नंबरची धरली, तीही आखूड पडली.

"आधी सहाच लागायची की," द्वारकाबाई ओशाळल्या. "पाय पसरलेत मेले."

शेवटी आठ नंबरची, तपकिरी, साध्या पट्ट्याची चप्पल बरोबर बसली. म्हणजे बसेल असं दिसलं. द्वारकाबाईंनी ती हातात घेतली, आतून अंगठा फिरवून पाहिला आणि लहान पोरीसारख्या हसल्या. "मऊ हाय गं."

मंजुषाला ते हसणं बघवलं नाही. पेपर कसा गेला हे तिचं तिला माहीत होतं. फिजिक्सला ती एकाच गणितात अडकून पडली होती, वेळ संपली तेव्हा उत्तरपत्रिकेतले कितीतरी गोल पांढरेच राहिले होते. घरी मात्र ती म्हणाली होती, बरा गेला. दुसरं काय म्हणणार? त्या पायांसमोर बसून वाईट गेला म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं?

मोबाईलवर इतका वेळ फिरत राहिलेलं चक्र थांबलं. निकालाचं पान उघडलं.

सातशे वीसपैकी चारशे बारा. गेल्या वर्षीपेक्षा जेमतेम चौदा जास्त. सरकारी कॉलेजचं नाव काढायचीही सोय नव्हती.

द्वारकाबाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी लेकीच्या तोंडाकडं पाहिलं आणि चप्पल हळूच खोक्यावर ठेवली.

"लई कमी हायेत?"

"लई."

फोन वाजला. कडूबा. मंजुषानं उचलला नाही. वाजून वाजून तो बंद झाला आणि पुन्हा वाजायला लागला.

"आई, बस झालं आता," मंजुषा म्हणाली. आवाज फुटत होता, तरी ती थांबली नाही. "मी बीएस्सी करते. मला नाही जमत गं हे. खरंच नाही जमत. तू घाल ती चप्पल. तुझ्या पाया पडते, घाल."

"गप. दुकानात रडू नये."

"मला नाही व्हायचं डॉक्टर!"

द्वारकाबाई चिडल्या नाहीत. पदरानं लेकीचं नाक पुसलं. "मी तुला कवा म्हणले का, अभ्यास कर म्हणून?"

"नाही."

"कवा एका शब्दानं बोलले?"

"नाही."

"मग? पाय माझे हायेत. देवीला शब्द मी दिला. तू कशाला जिवाला लावून घेतीस?"

आई कधी एका शब्दानं बोलली नव्हती, हे अगदी खरं होतं. बोलली असती तर मंजुषाला भांडता तरी आलं असतं.

द्वारकाबाईंनी चप्पल सलीमभाईंकडं सरकवली. "ही बाजूला ठेवा भाऊ. पुढल्या साली नेते."

"अम्मा, पैसे मत दो. ऐसेच लेके जाव," सलीमभाई म्हणाले.

"पैशाचं नाय हो," द्वारकाबाई म्हणाल्या. "आज गावाला नको जायला, मंजे. बाजार उठू दे. उद्या जाऊ."

पिशवी उचलून त्या पायऱ्या उतरल्या आणि दुपारच्या रस्त्यावर चालायला लागल्या. सावली शोधली नाही की चटका बसला म्हणून पाय झटकन उचलला नाही. जून अर्धा सरला होता तरी ऊन मेचंच होतं, आणि डांबर नुसतं रटरटत होतं.

मंजुषा पायरीवर उभी राहिली. मग तिनं आपले सँडल काढले, हातात घेतले आणि आईच्या मागं निघाली. दोन पावलं गेली. तिसऱ्या पावलाला तोंडातून "आई गं" निघालं. ती एका पायावर नाचली, दुसऱ्या पायावर नाचली. डोळ्यांना धार लागली. फळांच्या गाड्यावरचा माणूस बघत होता. तिथंच रस्त्यात तिनं सँडल टाकले, पाय कोंबले आणि खाली मान घालून पट्टे आवळले.

द्वारकाबाईंनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. पण पुढून त्यांचा आवाज आला, रोज पहाटे चहा झाला म्हणून उठवताना असायचा तितकाच मऊ.

"उरक गं मंजे. क्लासचं ऑफिस बंद व्हायच्या आत नाव घालून येऊ."