बारीक शिट्टी

पाम गावातल्या घरात, माळ्यावरच्या खोलीत स्वातीचा स्टुडिओ उभा राहत होता. अडलं होतं ते ऑडिओ इंटरफेसवर. माइकचा आवाज कॉम्प्युटरला पोचवणाऱ्या दोन डब्या तिचा मोठा भाऊ धीरज मित्राच्या दुकानातून ट्रायलला घेऊन आला होता. दोन्ही ऐकून त्याने निकाल दिला, "काळी घेऊ. एकदम साफ हाय."

स्वातीचं डोकंच फिरलं. काळीत एकसारखी बारीक शिट्टी वाजत होती, गाण्याची वाट लावणारी.

"दादा, मित्राचा माल म्हणून माझ्या गळ्यात मारतोस काय? शिट्टी ऐकू येत नाय?"

"कुठंय शिट्टी?"

"सोंगं नको करू!" तिने हेडफोन परत त्याच्या कानांवर दाबला आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. शिट्टी आता तिला हेडफोनबाहेरूनही टोचत होती. धीरजचा चेहरा मात्र शांत. "साफच हाय!" तो ओरडला, कंपनीत मशीनपाशी उभं राहून ओरडावं तसा.

स्वातीचा हात बटणावरच थांबला. तिने त्याच्या कानांवरून हेडफोन उतरवला.

"दादा, कंपनीत इयरप्लग देतात ना रे तुमाला?"

"देतात की. तपासणीवाले येतात त्या दिवशी."