घर बंद

"पहार कशाला आणली छगनमामा? घर पाडायचं न्हाई, दुरुस्त करायचंय," अझहर म्हणाला.

"आधी दार तर उघडाया पायजे. किल्ली तुझ्या सासऱ्यानं दिलीय व्हय?" छगन गवंड्यानं बिडी ओढ्यात फेकली.

अझहर हसला. आज कुणी काहीबी बोललं तरी त्याला राग येणार नव्हता. गावातली रिकामी घरं नीट करून पार्सलवाल्या पोरांना स्वस्तात भाड्यानं द्यायची, असं ग्रामपंचायतीनं ठरवलं होतं. ज्यानं घर शोधलं, त्याचा पहिला हक्क. ओढ्यापलीकडचं हे घर अझहरनं शोधलं होतं. शेजारच्या काष्टी गावात पत्र्याच्या खोलीत त्याच्या बायकोला, सबिहाला नववा महिना लागलेला, आणि मालकानं आठ दिवसांत खोली सोडा म्हणून सांगितलेलं.

"रिकामं हाय हे नक्की ना रे?" ओढा ओलांडता ओलांडता सरपंच काकासाहेबांनी विचारलं.

"दिवाळीपास्नं तीनदा पार्सल आणलं. तिन्ही बारी घर बंद. मोबाईलमधी नोंद हाय, बघा."

नोंद खरीच होती. ओढ्यातनं गाडी जात न्हाई. अलीकडनं हॉर्न द्यायचा, दोन हाका मारायच्या, कोण आलं न्हाई की 'घर बंद' दाबायचं आणि सुटायचं. सगळीच पोरं तसं करतात. न्हाईतर दिवसाची ऐंशी पार्सलं उरकायची कधी?

"ह्या घरचा आसाराम पोरीकडं पुण्याला गेलाय, गावाला ठाव हाय," छगन म्हणाला. "लंगडं म्हातारं, हितं एकटं काय करील?"

"तरी त्याचा होकार लागंल." काकासाहेबांनी अंगणात उभं राहून आसारामच्या पोरीला फोन लावला, स्पीकर चालू केला. छगन पहार घेऊन ओसरीत शिरला.

अझहर ओसरीची तुळई बघत होता. दणकट होती. पाळणा टांगायला झाली असती.

"ताई, तुझ्या वडलांना फोन दे जरा. घराचं बोलायचंय."

"माझ्याकडं कुठंयत ते? तिथंच हायेत की!" पोरगी म्हणाली. "भांडलोय आमी. माझा फोनच उचलत न्हाईत. बीपीच्या गोळ्या पाठवल्या, तर तीनदा पार्सल माघारी धाडलं. एवढा राग बरा न्हाई, सांगा तुमी त्यांना."

काकासाहेबांनी अझहरकडं बघितलं.

ओसरीत छगन पहार तशीच धरून उभा होता.

"कुलूपच न्हाई ओ," तो म्हणाला. "कडी आतनं हाय."