परत एकदा चितपट

राजेश्वरीने ढाक मारली, प्रतीक्षाची पाठ लाल मातीला टेकली, पंचाने शिट्टी फुंकली. आणि कॅमेरा नेमका दुसरीकडे होता. कडेच्या मांडवात मालिकेतल्या एका नटीला फेटा बांधणं चाललं होतं. चॅनेलवाल्यांना त्या घडीला फेटा जास्त मोलाचा वाटला.

आंदर मावळातल्या त्या गावच्या यात्रेत मानाची शेवटची कुस्ती यंदा पहिल्यांदाच पोरींची लागली होती. आजवर पोरींच्या कुस्त्या भर उन्हात, बाप्ये जेवायला गेले की उरकून घ्यायचे. यंदा प्रोटीन पावडरच्या एका कंपनीने पैसा ओतला, आणि गावाला अचानक लेकींचं कौतुक सुचलं. दोघींना कंपनीचं नाव छापलेले कपडे मिळाले. तेवढं टिपायला तळेगावहून चॅनेलच्या तीन गाड्या आल्या होत्या.

राजेश्वरी टाकव्याची, प्रतीक्षा उर्शाची. दोघी चांगली सात मिनिटं झुंजल्या होत्या. राजेश्वरी अजून गुडघ्यांवर बसून धापा टाकत होती. इतका सफाईदार डाव आपल्याला पुन्हा कधी साधेल असं तिला वाटत नव्हतं.

"ताई, एकदा परत करा ना," चॅनेलची प्रेरणा माईक सावरत आखाड्याच्या कडेला आली. "आमचा शॉट गेला. आता उजेडही छान आहे."

"काय परत करू?"

"तेच, यांना पाडलंत ते. पण जरा सावकाश. आणि प्रतीक्षाताई, पडल्यावर लगेच उठू नका हं. डोळ्यांत पाणी आलं तर फारच छान."

प्रतीक्षा उजवा खांदा धरून बसली होती. तिने वर पाहिलंच नाही.

"पाठ लागली की कुस्ती संपती," राजेश्वरी म्हणाली. "परत न्हाई लागत."

आता कंपनीचा मॅनेजर पुढे झाला. पांढऱ्या बुटांना माती लागू नये म्हणून तो एका फळीवर उभा राहिला होता. "मॅडम, वर्षभराचा खुराक आम्ही देणार, पुण्याच्या कोचची फी आम्ही देणार. मग व्हिडिओ नको का? दिसलंच नाही तर वरच्यांना मी काय दाखवू?"

राजेश्वरीने आपल्या वस्तादांकडे पाहिलं. रखमाजी आबा आखाड्याच्या तोंडाशीच उभे होते. तालमीत कुणी गमतीत खोटा शड्डू ठोकला, तरी हा माणूस त्याच्या कानाखाली जाळ काढायचा. आबा आता या पांढऱ्या बुटांना वाटेला लावतील, याबद्दल तिला जराही शंका नव्हती.

"कर गं," रखमाजी म्हणाले. "दोन मिंटाचं काम हाय. येवढी मानसं लांबून आलीत."

चॅनेलवाली परकी, मॅनेजर परका. त्यांना मातीचं काय. पण आबांची तिला किळस आली, आणि वर्षभराचा खुराक डोळ्यांपुढे येताच आपले पाय परत मातीकडे वळले, म्हणून स्वतःचीही आली.

हलगी कडाडली. घराकडे निघालेली माणसं हलगी ऐकून मागे फिरली. नवी कुस्ती लागली असंच त्यांना वाटलं. मावळात पाठीमागे हलगी ऐकू आली की पुढे जाणारा माणूस विरळा.

दोघींचे हात भिडले. प्रतीक्षा तिच्या कानाशी लागली. "ताई, हळू पाड. खांदा लय दुखतोय."

"तुला कोन पाडतंय?"

राजेश्वरीने तिला कमरेला धरलं, अंगावर ओढून घेतलं आणि सावकाश, सांगितलं होतं तितक्याच सावकाश, स्वतः मागे कलंडली. दोन्ही खांदे तिने नीट मातीला टेकवले. खाली ती, वर प्रतीक्षा.

"उर्शाच्या पोरीनं मारली," मागे फिरलेल्यांतून कुणीतरी ओरडलं, आणि टोप्या उडाल्या. जिची पाठ मातीला, ती हरली. त्यांना एवढंच ठाऊक होतं. एका म्हाताऱ्याने तर खिशातली नोट काढून प्रतीक्षाच्या हातात कोंबली. ती बिचारी नोट धरून नुसती बघत राहिली.

"अहो, उलटं झालं," प्रेरणा म्हणाली. "जिंकल्या तर या ना?"

"घ्या की आता," राजेश्वरी पडल्या जागेवरून म्हणाली. "रडू पन का?"

मॅनेजरने कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात डोकं घातलं. शॉट मागे नेऊन दोनदा पाहिला. मग तो फळीवरून मागे वळला.

"राहू द्या. मस्त आलंय. दोघींच्या अंगावर नाव आपलंच आहे. वर कोण आहे, कोण बघतंय?"

पंच चांदीची गदा घेऊन मधोमध उभा होता. त्या यात्रेत गदा वस्तादांच्या शब्दावर द्यायची, असा रिवाज होता. खऱ्या कुस्तीची शिट्टी त्यानेच फुंकली होती, तरी भोवतीच्या गोंगाटाने तो गडबडला.

"आबा, गदा कुनाच्या हातात देऊ?"

राजेश्वरी अजून उठली नव्हती. तिने पडल्या पडल्या मान वळवली आणि आबांच्या तोंडाकडे बघितलं.

रखमाजी तिच्याकडे न बघता म्हणाले, "सायेब म्हनतील तिच्या."