पाय न टेकता

“पायांकडं बघू नकोस गं! नजर जाईल तिकडं चाक जाईल!”

कराडच्या मैदानावर नव्या नवरीच्या सायकलचं सीट धरून पद्माकर धावत होता, तेव्हाचा हा आवाज. वीस वर्षं झाली त्याला. आज इंग्लंडातल्या डर्बीशरच्या जुन्या दगडखाणीत, मोटरसायकलच्या फुटरेस्टवर उभी असताना, तोच आवाज उल्काच्या हेल्मेटात घुमत होता.

शेवटची फेरी, शेवटचं सेक्शन. दोन फितींमधली अरुंद वाट. आधी चिखल, मग ओला खडक, मग ओढा.

ट्रायल्स या मोटरसायकलच्या खेळाला वेगाचं काम नाही. बसायचं नाही, थांबायचं नाही, पाय टेकायचा नाही. एकदा टेकला की एक गुण, दोनदा टेकला की दोन, त्यापुढं कितीही टेकला तरी तीन. पडलं तर पाच. ज्याचे गुण सगळ्यांत कमी, तो जिंकला.

या सेक्शनमध्ये उल्काला दोन गुण झाले तरी नवशिक्यांचा कप तिचा होता. तीन झाले तर बॅरी प्लंबरचा.

फितीला खेटून ऑब्झर्व्हर उभा होता. हातात पुठ्ठा आणि जाड मार्कर. तिचाच नवरा.

क्लबचा तसा रिवाजच होता. घरातलं एक माणूस खेळायला उतरलं की दुसऱ्यानं दिवसभर एका सेक्शनवर उभं राहून गुण लिहायचे. सहा वर्षं पद्माकर खेळला आणि उल्का पावसात पुठ्ठा धरून उभी राहिली. या मार्चमध्ये त्यानं मोटरसायकल तिच्या हातात दिली. “माझे गुडघे गेले. आता तू चालव.”

एक्केचाळिसाव्या वर्षी! लेस्टरच्या मैत्रिणी हसून बेजार झाल्या. “अगं, या वयात गुडघे जपायचे की फोडायचे?” रेखा म्हणाली होती.

पण पद्माकरनं जीव लावून शिकवलं. मागच्या अंगणात विटा मांडून, क्लचवर तिच्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवून. ट्रेलर जोडलेली व्हॅनसुद्धा तिलाच चालवायला लावली. त्याच वसंतात त्यानं कौन्सिलातलं नकाशे काढायचं काम सोडलं आणि टेलिफोनवरची नोकरी घेतली. टेबलावर वाकून पाठ जाते, म्हणाला.

ऑब्झर्व्हर म्हणून तो सगळ्यांचा लाडका झाला. मान कलती ठेवून, नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून सांगायचा, कोण आलं. गुण लावताना हात आखडता. “तुझा नवरा संत आहे,” बॅरी म्हणायचा.

“शंका आली तर फायदा रायडरला, असा नियमच आहे,” पद्माकरनं तिला सुरुवातीलाच सांगितलं होतं. “घरच्या माणसाला मात्र नाही हं. आमच्या अण्णांनी वर्गात मला कायम कमीच मार्क दिले. मास्तरनं पोराला दिले, असं कुणी म्हणायला नको.”

तेव्हा ती हसली होती. पण रविवारमागून रविवार गेले आणि तिच्या कार्डावर त्याच्या सेक्शनचे तीन, तीन, तीनच पडत राहिले. मग हसू आटलं.

तिनं हात हलवला. फितीजवळून काही हात हलला नाही.

उल्कानं क्लच सोडला. हेल्मेटच्या आत ती गुणगुणू लागली, आपलीच जुळवलेली ओळ, जात्याच्या घरघरीसारखी.

*नजर पुढं पुढं, वाट मागं मागं जाई,*
*दगडाला कळू न दे, पाय कुठं माझा बाई.*

चिखल मागं पडला. खडकावर पुढचं चाक उचललं, मागचं घसरलं, सावरलं. ओढ्याचं पाणी नडगीवर उडालं. पाय होते तिथंच राहिले.

“क्लीन! आई, क्लीन!” फितीपलीकडं चौदा वर्षांची शिल्पा नाचत होती.

पद्माकरनं तोंड फिरवून कार्डावर लिहिलं.

“किती लिहिलेत, अहो?”

“तीन.”

“पाय कुठं टेकला माझा?”

त्यानं मार्करला टोपण लावलं.

“बाबा, आर यू जोकिंग? तिची पाय लागलीच नाही! मी इथेच उभा होतो!”

“उभी होते,” पद्माकर सवयीनं म्हणाला. “आणि ऑब्झर्व्हरचा शब्द शेवटचा असतो.”

कप बॅरीनं घेतला. घेताना त्यालाच अवघडल्यासारखं झालं.

परतताना व्हॅन उल्काच चालवत होती. मैलभर गेल्यावर तिनं रस्त्याकडेला गाडी थांबवली.

“सहा वर्षांत तुम्हाला तो कप मिळाला नाही,” ती समोरच्या काचेतून बघत म्हणाली. “बायकोला मिळाला असता तर काय बिघडलं असतं? परक्यांनी शंकेचा फायदा दिला मला. तुमच्याकडं तर मी फायदा मागितलाही नव्हता. जे झालं तेवढं लिहायचं होतं.”

“उल्का...”

“कराडला सीट धरून धावत होतात, तेव्हा वाटलं, मी पडू नये म्हणून धरलंय. पुढं जाऊ नये म्हणून धरलं होतं, हे आज कळलं.”

तिनं किल्ली काढली आणि त्याच्यासमोर धरली. “माझ्यानं आता चालवणं होत नाही. घ्या, चालवा तुम्ही.”

त्यानं किल्ली घेतली नाही.

“बाबा, घे ना,” मागून शिल्पा म्हणाली.

“आता गाडी चालवायलाही गुडघे आडवे आले का?” उल्काचा आवाज फाटला.

पद्माकरनं मांडीवरच्या पुठ्ठ्यावरून बोटं फिरवली.

“गुडघे ठणठणीत आहेत माझे,” तो म्हणाला. “मला तुझे पाय दिसले नाहीत, उल्का. मार्चपासून कुणाचेच दिसत नाहीत.”