दाराचा प्रसंग

“भूत काढून टाका,” संपादक म्हणाले. “पान सात. त्याचं इथे काही काम नाही.”

समोर बसलेली बाई लिहून घेत होती. चष्म्याच्या दुकानात कामाला होती. जेवणाच्या सुट्टीत आली होती, डबा तसाच पिशवीत. ही तिची दुसरी खेप. नव्या लेखकांच्या भयकथांचा संग्रह सोमवारी छपाईला जायचा होता. त्यात एकच जागा उरली होती, आणि त्या जागेवर डोळा ठेवून दहाजण तरी बसले होते.

संपादकांना सगळे ‘लाल पेन’ म्हणायचे, अर्थात पाठीमागे. चूक दिसली की या गृहस्थांच्या जिवाला चैन पडत नसे. मुलीची पत्रंसुद्धा दुरुस्त करून तिला परत पाठवतात, असं कचेरीतले लोक हसून सांगायचे. प्रत्येक दुरुस्तीखाली सही आणि तारीख. आवाज असा खणखणीत, की केबिनमध्ये बोलले तरी बाहेरच्या बाकावर शब्द न् शब्द ऐकू जायचा.

तिची कथा साधी होती. एक बाई कागदाच्या गोदामात अडकते. तिला दमा आहे. दाराबाहेर कुणीतरी उभं आहे, आणि ते दार उघडत नाही.

“या महिन्यात चाळीस भयकथा वाचल्या मी,” लाल पेन म्हणाले. “प्रेतांचे ढीग, रक्ताचे पाट. वाचून झाल्या की निवांत झोपतो. का? लिहिणाऱ्याला काही ठाऊकच नसतं. कथेत एक तरी गोष्ट अशी हवी, जी तिथे असल्याशिवाय कळत नाही. तेवढी असली की मग भूतबीत लागत नाही.”

“माझ्या कथेत तशी नाही?”

“हे बघा. तुमची बाई आत जाऊन दिवा लावते. अशा गोदामांचं बटण बाहेर असतं. बाहेरच्याने तो दिवा घालवायचा. आता सांगा, वाटते की नाही भीती?”

वाटली. तिच्या अंगावर काटा आला. “तुम्ही पाहिलंय असं गोदाम?”

“सगळ्या छापखान्यांत असतं.” त्यांनी पेनाला टोपण लावलं. “दार वाजवण्याचा प्रसंग मात्र अगदीच कच्चा आहे. तो पुन्हा लिहा, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो.”

संध्याकाळी घरी पोचल्यावर तिने ठरलेली टकटक केली. त्याशिवाय आई दार उघडत नसे, मग शेजारीण घसा फोडून हाका मारो. आई कामाला जायची आणि दोघी पोरी घरात एकट्या असायच्या, तेव्हा थोरलीने ही खूण ठरवली होती. बाहेर कुणाला सांगायची नाही, अशी शपथही घातली होती.

थोरली आता भिंतीवरच्या फोटोत होती. छापखान्यात प्रूफं तपासायची. अकरा वर्षांपूर्वी एका शनिवारी गोदामात गेली, दार अडकलं, सोमवारी सापडली. अपघात म्हणून नोंद झाली आणि प्रकरण मिटलं. तेव्हापासून मायलेकींना एकच गोष्ट हवी होती, आणि ती आता या एका माणसाच्या हातात होती.

“दाराचा प्रसंग बदल म्हणाले.”

आई शेंगा सोलत होती. हात थांबले नाहीत. “तू नको बदलूस.”

“रागावतील गं.”

“रागावू देत.”

शुक्रवारी आईही बरोबर आली. घरी बसवत नाही म्हणाली. तिला बाहेरच्या बाकावर बसवून धाकटी आत गेली.

लाल पेननी पानं उलटली आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली. “‘ती मुठींनी दार बडवत किंचाळत राहिली.’ पुन्हा तेच? तुम्हाला सांगून काही उपयोग आहे का?”

“दुसरं सुचत नाही, सर.”

“मग राहू दे.” त्यांनी तिची कथा बाजूला सारली आणि दुसरं हस्तलिखित पुढे ओढलं.

ती उठली, पिशवी खांद्याला लावली. “तशीच छापली असतीत तरी चाललं असतं, सर. दार असंच वाजवतात माणसं. वाचणाऱ्याला काय कळतंय?”

“असंच वाजवतात?” ते उसळले. “दम्याचा माणूस किंचाळतो कधी? द्या इकडे ते पान. बसा.”

पेन कागदाला टेकलं आणि थांबलं. थांबलेलं पेन तिने याआधी पाहिलं नव्हतं. मग ते भराभर चाललं. लिहून झाल्यावर त्यांनी नेहमीसारखं मोठ्याने वाचलं.

“‘किंचाळायला तिच्यात श्वास नव्हता. ती नुसतं दार वाजवत होती. तीनदा, मग थांबून एकदा. पुन्हा तीनदा, थांबून एकदा. बाहेर घरचंच कुणी असावं, तसं. शेवटी शेवटी नुसतं एकदा.’”

खाली सही केली, तारीख घातली. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. “याला म्हणतात भयकथा. घेतली तुमची.”

तिने पान उचललं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि चेन ओढली.

तेवढ्यात केबिनचं दार वाजलं. तीनदा. मग थांबून एकदा.

लाल पेनचा चेहरा पांढराफटक पडला. खुर्ची मागे सरकून भिंतीला लागली. “कोण आहे?” त्यांचा तो खणखणीत आवाज पुरता बसला होता.

“आई आहे,” ती म्हणाली. “ही खूण उभ्या जगात आम्हां तिघींनाच ठाऊक होती, सर. त्यातली एक तुमच्या जुन्या छापखान्यात प्रूफं तपासायची.”